हर्क्युलिनाचा नसलेला चंद्र

लघुग्रहांना चंद्र असतात का? १९७८ साली या प्रश्नाला 'असतात, हर्क्युलिना नावाच्या लघुग्रहाला एक सापडलाय' असं उत्तर मिळालं. पुढची पंधरा वर्षं ते उत्तर वादात राहिलं. १९९३ मध्ये हबल दुर्बिणीनं त्या जागी नजर टाकली तेव्हा तिथे चंद्रबिंद्र काही नव्हतं. गंमत अशी की त्याच १९९३ च्या ऑगस्टमध्ये गॅलिलिओ यान इडा या लघुग्रहाजवळून गेलं आणि त्यानं पाठवलेल्या छायाचित्रांत दीडेक किलोमीटरचा एक खराखुरा चंद्र निघाला. उत्तर बरोबर होतं. ज्या पुराव्यावर ते दिलं गेलं, तो पुरावा मात्र टिकला नाही.

त्या पहिल्या पुराव्यातला एक मुख्य साक्षीदार हौशी निरीक्षक होता. त्यामुळे 'हौशी माणसाच्या डोळ्यांना झालेला भास' असं म्हणून हे प्रकरण अनेकदा एका वाक्यात उरकलं जातं. मला ते पटत नाही. त्या रात्री नोंद घेण्यात कसूर झाली असं मला दिसत नाही. नोंदींचं वजन ठरवताना मात्र घाई झाली, आणि त्या घाईत व्यावसायिक मंडळीही बरोबरीनं होती.

प्रकरणाआधी थोडं गणित

लघुग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा तारा काही सेकंद दिसेनासा होतो. याला पिधान म्हणतात. तारा इतका दूर असतो की त्याचे किरण आपल्यापर्यंत समांतर येतात, त्यामुळे लघुग्रहाची सावली जवळजवळ लघुग्रहाएवढीच मोठी असते. दोनशे किलोमीटरचा लघुग्रह असेल तर दोनशे किलोमीटर रुंदीचा सावलीचा पट्टा पृथ्वीवरून सरकत जातो, सेकंदाला दहा-वीस किलोमीटरच्या वेगानं. पट्ट्यात उभ्या असलेल्या माणसाला तारा विझलेला दिसतो, पट्ट्याबाहेरच्याला काहीच वेगळं दिसत नाही.

किती सेकंद विझला, गुणिले सावलीचा वेग, म्हणजे लघुग्रहाच्या आकृतीची एक जीवा. निरीक्षक पट्ट्यात आडवे पसरले की प्रत्येकाची जीवा वेगळ्या जागी पडते आणि सगळ्या एकाखाली एक मांडल्या की लघुग्रहाची बाह्यरेषा तयार होते. मोठ्या दुर्बिणीतही जो बहुधा नुसता ठिपकाच दिसतो, त्याचा आकार अशा रीतीनं आठ इंची दुर्बीण आणि नीट लावलेलं घड्याळ यांच्या जोरावर मिळतो. हौशी लोक या कामात पहिल्यापासून आहेत ते याचसाठी. इथे दुर्बिणीचा व्यास फारसा महत्त्वाचा नसतो, माणसांची संख्या आणि त्यांच्या जागा महत्त्वाच्या असतात. वेधशाळा उचलून पट्ट्यात नेता येत नाही, मोटारीत दुर्बीण टाकून माणूस जाऊ शकतो.

या कामाचा इतिहास फार जुना नाही. जुनो या लघुग्रहानं एका मंद ताऱ्याला झाकलेलं १९ फेब्रुवारी १९५८ रोजी स्वीडनमध्ये टिपलं गेलं, ते पहिलं यश मानतात. २ ऑक्टोबर १९६१ रोजी पॅलसनं झाकलेला तारा आपल्या नैनितालच्या वेधशाळेतून सिनवाल, सनवाल आणि पांडे या तिघांनी प्रकाशविद्युत मापकावर, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश विजेच्या साहाय्यानं मोजणाऱ्या यंत्रावर, नोंदवला. आपल्याकडे ही गोष्ट व्हावी तितकी सांगितली जात नाही. पुढे २४ जानेवारी १९७५ ला इरॉसनं मिथुन राशीतला नुसत्या डोळ्यांनी दिसणारा एक तारा झाकला, तेव्हा अमेरिकेच्या ईशान्य भागात पसरलेल्या हौशी निरीक्षकांनी एकाच वेळी अनेक जीवा मिळवल्या. इरॉस सतराएक किलोमीटरचा, म्हणजे सावलीही तेवढीच अरुंद, आणि तरीही जमलं. अनेक ठिकाणांहून एकत्र काम केलं तर काय हाती लागतं हे तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. पिधानांच्या वेळा जमवणारी इंटरनॅशनल ऑकल्टेशन टायमिंग असोसिएशन, म्हणजे आयोटा, डेव्हिड डनहॅम यांच्या पुढाकारानं उभी राहिली ती याच दशकात.

१९७७ चा मार्च

हर्क्युलिनाकडे जाण्याआधी पंधरा महिने मागे जावं लागतं. त्या मार्चमध्ये पाच दिवसांच्या अंतरानं दोन घटना घडल्या. त्या लक्षात घेतल्याशिवाय १९७८ मध्ये लोकांनी चंद्रावर इतका चटकन विश्वास का ठेवला ते कळत नाही.

५ मार्च १९७७ ला हेबी या लघुग्रहानं तिमिंगल तारकासमूहातला गॅमा तारा झाकला. टेक्सासमध्ये बसलेले निरीक्षक पॉल मेली सावलीच्या पट्ट्याच्या बाहेर होते, पण त्यांना तारा साधारण अर्धा सेकंद विझलेला दिसला. त्यांनी ते प्रामाणिकपणे कळवलं. हेबीला वीसेक किलोमीटरचा चंद्र असावा असा अंदाज निघाला आणि त्याला गमतीनं 'जेबी' हे नावसुद्धा पडलं. साक्षीदार एकच असल्यामुळे प्रकरण तिथेच थांबलं.

१० मार्चला युरेनसनं एका ताऱ्यासमोरून जायचं होतं. तमिळनाडूतल्या कावलूरला भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी यांनी एक मीटरच्या दुर्बिणीवर तो तारा धरला होता. त्यांच्या आलेखात ताऱ्याचा प्रकाश अचानक खाली जाऊन पुन्हा वर आला. युरेनसला नवा उपग्रह सापडला असा त्यांचा पहिला अर्थ होता आणि त्याच अर्थानं तो निष्कर्ष 'नेचर'मध्ये छापून आला. इकडे हिंदी महासागरावरून उडणाऱ्या कायपर विमान-वेधशाळेत जेम्स एलियट यांच्या गटाला युरेनसच्या आधी पाच खळगे दिसले आणि युरेनस पुढे गेल्यावर दुसऱ्या बाजूला पुन्हा पाच, जवळजवळ त्याच अंतरांवर. उपग्रह दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर जोडीनं बसत नाहीत. ती कडी होती. शनीखेरीज दुसऱ्या ग्रहाला कडी असल्याचं तेव्हा पहिल्यांदा कळलं.

या शोधाचा परिणाम असा झाला की मुख्य पिधानाच्या आगेमागे दिसणारे छोटे खळगे, जे आधी 'ढग असेल, हात लागला असेल' म्हणून टाकून दिले जात, त्यांच्याकडे सगळे नव्या नजरेनं पाहू लागले. कावलूरचा खळगा खरा होता, त्याचा पहिला अर्थ चुकला होता. लोकांच्या लक्षात राहिला तो खळगा. अर्थ चुकल्याची गोष्ट बाजूला पडली.

बोरॉन आणि फ्लॅगस्टाफ

हर्क्युलिना हा मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्यातला. क्रमांक ५३२, माक्स वोल्फ यांनी १९०४ च्या एप्रिलमध्ये हायडलबर्गहून शोधलेला. ७ जून १९७८ ला त्याची सावली अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागावरून जाणार होती. झाकला जाणारा तारा स्मिथसोनियन सूचीतला, क्रमांक १२०७७४.

त्या काळी लघुग्रहांच्या पिधानांची भाकितं प्रामुख्यानं रॉयल ग्रिनिच वेधशाळेचे गॉर्डन टेलर काढत. भाकितांमागे ताऱ्यांच्या ज्या सूच्या होत्या, त्यांतलीच ही स्मिथसोनियनची १९६६ ची सूची, सुमारे दोन लाख एकोणसाठ हजार ताऱ्यांची. सूचीतल्या ताऱ्याच्या जागेत एका विकलेची, म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागाची, चूक असणं तेव्हा नवल नव्हतं. लघुग्रहाचं अंतर साधारण दोन खगोलीय एककं, म्हणजे तीस कोटी किलोमीटर धरलं, तर आकाशातली एक विकला जमिनीवर जवळजवळ साडेचौदाशे किलोमीटर होते. मुंबईहून पट्टा जाणार असं भाकीत असावं आणि तो दिल्लीच्याही पुढून जावा, इतका हा फरक. म्हणून शेवटच्या दिवसांत लघुग्रह आणि तारा एकाच छायाचित्रात घेऊन पट्टा पुन्हा काढायचा प्रघात होता. तरीही निरीक्षकाला आपण मध्यावर आहोत, कडेवर आहोत की बाहेर आहोत ते तारा विझेपर्यंत नक्की ठाऊक नसे. पट्ट्यात मोजून मापून ठराविक अंतरावर माणसं बसवणं तर दूरच. ज्याचं जिथे घर, तिथे तो.

कॅलिफोर्नियात मोहावे वाळवंटात बोरॉन नावाचं गाव आहे, तिथली टाकणखाराची खाण प्रसिद्ध आहे. जेम्स मॅकमहॉन हे हौशी निरीक्षक त्या परिसरातून डोळ्यांनी बघत होते. डोळ्यांनी वेळ घ्यायची तेव्हाची रीत अशी: शेजारी लघुलहरींचा रेडिओ, त्यावर कोलोरॅडोहून प्रसारित होणारे सेकंदाचे ठोके, आणि चालू ठेवलेला टेपरेकॉर्डर. नजर नेत्रिकेतून, म्हणजे दुर्बिणीच्या डोळा लावायच्या भिंगातून, हलवायची नाही. तारा गेला की तोंडानं ओरडायचं, आला की पुन्हा ओरडायचं. नंतर टेप ऐकून आपला आवाज कोणत्या दोन ठोक्यांच्या मधे पडला ते काढायचं. डोळ्याला दिसणं आणि तोंडातून शब्द निघणं यात तिनेक दशांश सेकंद जातात, तेवढे वजा करायचे. अनुभवी माणूस या पद्धतीनं दोन-तीन दशांश सेकंदापर्यंत भरवशाची वेळ देऊ शकतो. सेकंदाला दहा किलोमीटर वेग धरला तर ही चूक दोन-तीन किलोमीटरची. दोनशे किलोमीटरच्या लघुग्रहासाठी एवढी चूक चालून जाते.

मॅकमहॉन यांना मुख्य पिधान दिसलं. त्याशिवाय तारा आणखी काही वेळा थोडा थोडा वेळ विझलेला दिसला, एकदा नव्हे, अनेकदा. त्यातला सगळ्यात मोठा लोप काही सेकंदांचा होता. बोरॉनपासून पाचशेहून अधिक किलोमीटर पूर्वेला, ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला, लॉवेल वेधशाळेतले लोक प्रकाशविद्युत मापक लावून त्याच ताऱ्यावर होते. त्यांच्या कागदी पट्टीवर मुख्य पिधान तर आलंच, शिवाय आणखी एक खळगा आला, साधारण पाच सेकंदांचा.

दोघांच्या वेळा शेजारी मांडल्यावर लॉवेलचा खळगा आणि मॅकमहॉन यांचा तो मोठा लोप मुख्य पिधानाच्या संदर्भात जुळत होते. एक साक्षीदार माणूस, दुसरा यंत्र. त्यांची आपसात गाठभेट नाही, दोघांच्या मधे एक अख्खं वाळवंट. यापेक्षा भक्कम पुरावा काय हवा, असं कुणालाही वाटलं असतं. हर्क्युलिनाचा व्यास २२० किलोमीटरच्या आसपास निघाला, चंद्राचा ४५ आणि दोघांमधलं अंतर सुमारे हजार. लॉवेलचे एडवर्ड बॉवेल, मॅकमहॉन आणि इतरांच्या नावानं अमेरिकन खगोलशास्त्रीय संस्थेच्या पत्रिकेत टिपण आलं. लघुग्रहाच्या चंद्राला पहिल्यांदाच अधिकृत धाटणीचं तात्पुरतं नामाभिधान मिळालं. हौशी माणसाचं नाव व्यावसायिकांच्या पंगतीत बसलं, आणि ते त्याच्या कष्टांनी बसलं होतं, यात शंका नाही.

त्याच वर्षी ११ डिसेंबरला मेल्पोमिनी या लघुग्रहाच्या पिधानातही चंद्राची शंका आली. रिचर्ड बिन्झेल आणि टॉम व्हॅन फ्लँडर्न या खगोलशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये 'सायन्स'मध्ये लिहिलं की असे छोटे लोप जुन्या नोंदींतही सापडतात, तेव्हा लघुग्रहांचे चंद्र ही सर्रास आढळणारी गोष्ट असणार. काही महिन्यांनी त्याच नियतकालिकात हॅरल्ड राइट्सेमा यांनी उलट बाजू मांडली: या नोंदी मुळात किती विश्वासार्ह आहेत?

जुळण्याची किंमत

इथे थोडं थांबतो, कारण माझ्या मते प्रकरणाचं मर्म या जुळण्यात आहे.

दोन साक्षीदारांनी एकच गोष्ट सांगितली की ती खरी, हे आपण रोजच्या व्यवहारात धरून चालतो. पण एका साक्षीदारानं एकच गोष्ट सांगितली की अनेक, यानं फार फरक पडतो. आकडे मी सोयीचे घेतो. समजा, दोघांनीही मुख्य पिधानाच्या आगेमागे मिळून चार मिनिटं, म्हणजे २४० सेकंद तारा बघितला. एकाला या वेळात सहा छोटे लोप दिसले, दुसऱ्याला एक. वेळेत पाच सेकंदांचा पुढेमागे फरक आपण 'जुळलं' म्हणून मान्य करणार. मग पहिल्याच्या प्रत्येक लोपाभोवती दहा सेकंदांची खिडकी तयार होते, सहा लोपांच्या मिळून साठ सेकंद. दुसऱ्याचा एकुलता एक खळगा निव्वळ योगायोगानं त्यापैकी एखाद्या खिडकीत पडण्याची शक्यता २४० पैकी ६०. चारात एक! पहिल्याला एकच लोप दिसला असता, तर हीच शक्यता चोविसात एक झाली असती.

लोपाची लांबीही जुळली पाहिजे अशी अट घातली की शक्यता आणखी घटते, हे खरं. पण तेव्हाही प्रश्न उरतोच: जो एक जुळला तो चंद्र, तर उरलेले काय? ते भास असतील, तर भास निर्माण करणारं काहीतरी त्या रात्री चालू होतं. त्याच कारणानं हा एकही निर्माण झाला नसेल कशावरून? ते खरे असतील, तर फ्लॅगस्टाफच्या पट्टीवर ते का नाहीत? वेगळ्या जागेवरून वेगळे चंद्र लागतात असं उत्तर देता येतं आणि तसं दिलंही गेलं. पण मग एका लघुग्रहाभोवती चंद्रांचा थवाच मानावा लागतो. एक शंका निस्तरायला पाच चंद्र उभे करणं मला तरी महागात पडलेलं वाटतं.

नेत्रिकेतून एकटक बघताना तारा क्षणभर विझायला कारणं पुष्कळ आहेत. पापणी लवते आणि ते आपल्या ध्यानातही येत नाही. विरळ ढगाची दोरी सरकते. हवेच्या थरांमुळे तारा लुकलुकतो. बराच वेळ एका मंद बिंदूवर नजर रोखली की दृष्टिपटलाचा तेवढा भाग थकतो आणि बिंदू आपोआप विरघळतो, हे कुणीही अंधारात करून पाहावं. मापकालाही स्वतःच्या व्याधी आहेतच. तो एका बारीक छिद्रातून येणारा प्रकाश मोजतो आणि दुर्बिणीचं यंत्र किंचित घसरलं की तारा छिद्राच्या कडेला लागून प्रकाश खाली येतो. पट्टीवर हा खळगा अगदी पिधानासारखा दिसू शकतो. म्हणूनच यंत्राची साक्ष निर्विवाद मानण्याचं कारण नाही.

कायपर विमानातल्या युरेनसच्या नोंदीशी तुलना करून बघा. तिथे खळगे जोडीनं आले, आधी आणि नंतर, समान अंतरांवर. ढगाला किंवा घसरलेल्या दुर्बिणीला युरेनसचं केंद्र कुठे आहे ते ठाऊक नसतं. सममिती हा असा पुरावा होता की जो दुसऱ्या कशानं तयार झालाच नसता. हर्क्युलिनाच्या नोंदीत तसं काहीही नव्हतं, फक्त जुळणं होतं.

हबल

लघुग्रहापासून हजार किलोमीटरवर असलेला चंद्र, दोन खगोलीय एककांवरून बघितला तर जास्तीत जास्त सात दशांश विकला दूर दिसेल. तेजाचं बघितलं तर व्यासाच्या वर्गाच्या हिशेबानं ४५ किलोमीटरचा गोळा २२० किलोमीटरच्या गोळ्यापेक्षा चोवीसपट फिका, म्हणजे साडेतीन प्रतींच्या जवळपास मंद (प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद). जमिनीवरून वातावरणाच्या थरथरीमुळे ताऱ्याचा ठिपकाच एकेक विकलेचा होतो, त्या पसाऱ्यात असला सोबती बुडून जातो. शोध घेतले गेले, ऐंशीच्या दशकात गेरेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही मोठे लघुग्रह तपासून एकालाही चंद्र मिळाला नसल्याचं प्रसिद्ध केलं. तरी 'दिसला नाही' आणि 'नाही' यात फट राहत होती.

वातावरणाबाहेरच्या हबलला सात दशांश विकला म्हणजे भरपूर मोकळी जागा. १९९३ मध्ये तिनं हर्क्युलिना तपासला, मेल्पोमिनीही. दोन्ही एकटे. ४५ किलोमीटरचं काही तिथे असतं तर सुटलं नसतं.

मग हौशी मंडळींचं दुधानं तोंड पोळल्यासारखं झालं आणि पुढची बरीच वर्षं ताक फुंकून पिणं चाललं. कुणाला दुय्यम लोप दिसलाच तर तो दबक्या आवाजात कळवला जाई. हे एका अर्थी नुकसानच झालं. कारण इडाच्या चंद्रानं, डॅक्टिलनं, तोपर्यंत सिद्ध केलं होतं की असे चंद्र असतात. आज चंद्र असलेले शेकडो लघुग्रह माहीत आहेत. १९७८ चं चित्र इतकंच चुकलं होतं की दोनशे किलोमीटरच्या लघुग्रहाला पंचेचाळीस किलोमीटरचा चंद्र ही काही सर्रास आढळणारी गोष्ट नाही.

अरेसिबो

४३३७ क्रमांकाच्या लघुग्रहाचं नाव अरेसिबो. तो १९८५ मध्ये शोधला बॉवेल यांनीच, हर्क्युलिनाच्या टिपणातल्या त्याच बॉवेलनी. १९ मे २०२१ ला कॅलिफोर्नियातून रिचर्ड नोल्थेनिअस आणि कर्क बेंडर यांनी दोन वेगळ्या जागांवरून त्याचं पिधान टिपलं. उद्देश साधा, आकार मोजायचा. मिळाले मात्र दोन लोप, लघुग्रहाचा एक आणि शेजारच्या कशाचा तरी दुसरा.

इथपर्यंत गोष्ट १९७८ सारखीच आहे. फरक पुढे पडला. एकतर हे सगळं कॅमेऱ्यावर होतं. टेपवरच्या आवाजावर काही अवलंबून नव्हतं, प्रत्येक चौकटीवर उपग्रहावरून आलेली वेळ उमटलेली होती. ज्याला शंका आहे त्यानं तोच व्हिडिओ घेऊन स्वतः मोजावा. त्याच चौकटीतले शेजारचे तारे फिके पडलेत का ते बघितलं की ढगाचा प्रश्नही तिथल्या तिथे निकालात निघतो. मॅकमहॉन यांच्याकडे तुलनेला शेजारच्या ताऱ्यांची अशी नोंद नव्हती.

पण निर्णायक ठरलं ते दुसरंच. आकाशाचा नकाशा काढणाऱ्या गाया उपग्रहामुळे ताऱ्यांच्या जागा आता हजारांश विकलेच्या पातळीवर माहीत आहेत. मघाचं साडेचौदाशे किलोमीटरचं गणित हजारानं भागा, दीड किलोमीटर उरतात. त्यामुळे पुढचं पिधान कुठे, कधी होणार हे नेमकं सांगता येतं आणि माणसं तिथे जाऊन थांबू शकतात. तीन आठवड्यांनी, ९ जून २०२१ ला अरेसिबोचं पुढचं पिधान आलं, ते टिपलं गेलं आणि दुय्यम लोप पुन्हा आला. लघुग्रह सुमारे २४ किलोमीटरचा, चंद्र तेराएक किलोमीटरचा, दोघांतलं अंतर पन्नासच्या आसपास. पुढच्या वर्षी गायाच्या तिसऱ्या माहितीसंचात याच लघुग्रहाच्या जागेत बारीकशी डुगडुग आढळली, साधारण तेहतीस तासांच्या आवर्तनाची. चंद्र लघुग्रहाला इकडेतिकडे खेचतो तेव्हा दिसावी तशी. ही साक्ष पिधानाच्या पद्धतीशी काहीही संबंध नसलेल्या मार्गानं आली.

हर्क्युलिनाच्या वेळी दुसरं पिधान ठरवून गाठणं जवळजवळ अशक्य होतं, हे मॅकमहॉन-बॉवेल मंडळींच्या बाजूनं सांगायला हवं. पण एवढीच गोष्ट त्यांच्या टिपणाच्या मथळ्यावर वजनदार अक्षरांत यायला हवी होती: पुन्हा दिसेपर्यंत शंकास्पद.

आपल्याकडून करायचं तर

महाराष्ट्रावरून अशा सावल्या वरचेवर जात असतात, पावसाळ्याचे चार महिने सोडले तर आकाशही साथ देतं. 'ऑकल्ट वॉचर' हे मोफत सॉफ्टवेअर आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश दिले की येत्या दिवसांतली पिधानं, ताऱ्याची प्रत, लोपाचे सेकंद आणि पट्ट्याच्या मध्यापासून आपलं अंतर काढून देतं. आठ इंची दुर्बीण, संवेदनशील व्हिडिओ कॅमेरा आणि जीपीएसवरून वेळ छापणारं यंत्र एवढ्यावर बाराव्या प्रतीचे तारे जमतात. फोनच्या घड्याळावर विसंबू नये. इंटरनेटवरून लावलेलं घड्याळ काही दशांश सेकंद मागेपुढे असू शकतं, आणि सेकंदाला पंधरा किलोमीटर वेगात तो फरक कित्येक किलोमीटरचा होतो.

आपल्याकडे गट करून गेलं की सगळे एकाच माळावर, चहाच्या थर्मासभोवती दुर्बिणी मांडतात. गप्पांसाठी उत्तम, पण पिधानासाठी व्यर्थ, कारण दहा दुर्बिणींची जीवा एकच येते. त्यातल्या दोघांना तरी वीसेक किलोमीटर दूर, पट्ट्याला आडवं पाठवावं. कडेबाहेर एक जण मुद्दाम बसवावा. त्याला काहीच दिसणार नाही, आणि 'तारा अखंड दिसत होता' ही त्याची नोंद आकृतीची कड जितकी पक्की करते तितकी मधली जीवाही करत नाही. पट्ट्याबाहेर त्याला लोप दिसलाच, तर मेलींना हेबीच्या वेळी दिसला तसला प्रकार असू शकतो.

चित्रण मुख्य लोपाच्या दोन-तीन मिनिटं आधी सुरू करून तितकंच नंतर चालू ठेवावं. दुसरा खळगा दिसला तर कच्चा व्हिडिओ कापू नये, उजळवू नये, जसा आहे तसा ठेवावा. शेजारच्या ताऱ्याचा आलेख त्याच्याखाली काढावा. दुसऱ्या ठाण्यावरच्या माणसाला फोन करण्याआधी आपली वेळ लिहून मोकळं व्हावं, आणि त्यानंही आपली लिहीपर्यंत एकमेकांना आकडा सांगू नये. अहवालात सगळे खळगे द्यावेत, न जुळलेलेसुद्धा, आणि त्या लघुग्रहाचं पुढचं पिधान कधी आहे ते त्याच रात्री शोधून ठेवावं.